काकीच्या पडवीतलं चौथं सेमिस्टर

प्रॉडक्ट डिझाइनच्या चौथ्या सेमिस्टरला आम्हा चौघांच्या गटाने ओले काजूगर काढण्याचं साधन करायला घेतलं. विषय माझा. वेंगुर्ल्याला आमच्या घरी मार्चमध्ये काजू सुरू झाले की काकी सकाळीच पडवीत आडाळा, म्हणजे विळी, घेऊन बसते. टरफलातल्या चिकात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, त्याने कातडी भाजते. काकी हाताला खोबरेल लावते, तरी मे महिन्यापर्यंत तिच्या बोटांची सालं निघालेली असतात. ते बघत मी मोठी झाले.

बाकीच्या तिघांनी ओला काजू कधी हातात धरला नव्हता. मी पिशवीभर बिया वर्कशॉपमध्ये नेल्या. नागपूरच्या मित्राने हातमोजे न घालता दहा कापल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन बोटांना फोड आले. पुढे पकडीवरून वाद झाला की आम्ही त्याचंच ऐकायचो.

पहिलं मॉडेल टेबलाला अडकवायचं होतं, लांब दांड्याचं. काकीने दोन बिया कापून बघितल्या. म्हणाली, "ह्यां बरां आसा गो, पण उभी रवान मी दिसभर कसां करतलंय?"

मग तीन दिवस आम्हीच तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. काकी बीकडे बघतही नाही. डाव्या अंगठ्याने ती बी फिरवते, पोटाची बाजू पात्यावर येते आणि बीचे उभे दोन भाग होतात. अमेरिकन डिझायनर जोडपं चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याबद्दल प्रश्न विचारलेत: धरणारा हात केवढा, डोक्यावर नेतात की कमरेवर, ओतताना तोल कुठे जातो. पहिल्या वर्षी मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. पडवीत तेच प्रश्न मला आडाळ्याबद्दल पडायला लागले.

खरी अडचण बी बसवायच्या खोबणीची होती. गावठी बी लहान, वेंगुर्ला-७ या सुधारित जातीची चांगलीच मोठी. गोल खोबणीत एक हलायची, दुसरी मावायची नाही. नाशिकच्या मैत्रिणीने खळ्यात बसून कानशीने तिरप्या बाजूंची खोबण घासली, त्यात दोन्ही बसल्या. वाडीतल्या सुतारकाकांनी आमचं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) बोटाने दाबून बघितलं, पावसात फुगेल म्हणाले आणि शिवणीचा तुकडा काढून दिला. तिसरं मॉडेल त्याचं झालं. बसून, पायाखाली दाबून वापरायचं. बी खोबणीत राहते, चिकाला अंगठा लागत नाही.

ते काकीकडेच ठेवून आम्ही परतलो. पंधरा दिवसांनी गेले तर तिने मुठीवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून वर सुंभ आवळला होता. मी कॅलिपर काढला. आमची मूठ २४ मिलिमीटर जाड होती, तिची ३५. फोटो आणि आकडा तिथूनच गटाला पाठवला. नागपूरच्या मित्राचं लगेच उत्तर आलं: पट्टी सोडू नकोस, तशीच मापून घे.