म्हशीच्या गव्हाणीतले १२ किलो जातात कुठे?

४५० किलो वजनाची, दिवसाला ६ लिटर दूध देणारी म्हैस घेऊ. दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी ६ किलो, हिरवा मका १५ किलो, सरकी ढेप ३ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो. यातलं पाणी वजा केलं की १२ किलोच्या आसपास कोरडा ऐवज उरतो. आता ६ लिटर दुधातलंही पाणी वजा करा. स्निग्धांश, प्रथिनं, साखर आणि क्षार मिळून जेमतेम १ किलो भरतं. शेण वाळवून तोललं तर साधारण ५ किलो.

मग बाकीचे ६ किलो? थोडे मूत्रातून जातात, बाकी जवळजवळ सगळे नाकातोंडावाटे हवेत. पचलेल्या चाऱ्यातला कार्बन श्वासातल्या ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी होतं. या क्रियेत जी ऊर्जा सुटते तिच्यावर हृदय चालतं, रवंथ होतो, दूध बनतं. त्यातला मोठा भाग शेवटी उष्णता होऊन अंगाबाहेर पडतो. खाल्लेल्या चाऱ्यातली आणखी काही ऊर्जा मिथेन वायूबरोबर ढेकरेतून वाया जाते.

कडब्यातलं सेल्युलोज मात्र म्हशीला स्वतःला पचवताच येत नाही, तिच्याकडे ते तोडणारं विकरच (एन्झाइम) नाही. हे काम पहिल्या पोटातले, म्हणजे रूमेनमधले, जिवाणू करतात. तिथल्या एका थेंबातही ते कोट्यवधी असतात. ऑक्सिजनशिवाय ते चारा आंबवतात आणि त्यातून तीन मुख्य आम्लं तयार होतात: अॅसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. ही रूमेनच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि म्हशीची सुमारे ७० टक्के ऊर्जा यांच्यातूनच येते. अॅसेटिकपासून दुधाचं फॅट बनतं. प्रोपिऑनिकपासून यकृत ग्लुकोज करतं, ग्लुकोजपासून कासेत दुधातली साखर होते. ही साखर कासेत पाणी ओढते, म्हणून दूध किती लिटर निघणार हे बरंचसं तिच्यावर ठरतं. पुढे हेच जिवाणू चौथ्या पोटात जाऊन स्वतः पचतात, आणि म्हशीला लागणारी बरीचशी प्रथिनं त्यांच्याच शरीरातून मिळतात.

म्हणून गव्हाण भरताना आधी जिवाणूंचा विचार करावा. त्यांना वाढायला नायट्रोजन लागतो, तो चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतो. एकूण आहारात ७ टक्क्यांपेक्षा कमी प्रथिनं असली की त्यांचं काम मंदावतं, आणि कडब्यात ती ३-४ टक्केच असतात. नुसत्या कडब्यावरचं जनावर भरल्या गव्हाणीपुढे उभं राहून वाळतं ते यामुळे: चारा पोटात पडून राहतो, पोट रिकामं होत नाही, भूक लागत नाही. ढेप ही उणीव भरून काढते. फक्त लहान वासरांना आणि पारड्यांना सरकी ढेप देऊ नये. त्यांचं रूमेन तयार झालेलं नसतं, त्यामुळे सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याची त्यांना बाधा होते.

ढेप परवडत नसेल तर युरिया प्रक्रिया करावी. १०० किलो कुट्टी किंवा गव्हाच्या भुशाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडायचा. दाबून, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचं. काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून मगच घालायचं, तेही सहा महिन्यांपुढच्या जनावरांना. युरिया पिण्याच्या पाण्यात कालवणं म्हणजे जनावर मारणं: अमोनिया एकदम तयार होतो आणि जिवाणूंना तो वापरायला वेळच मिळत नाही.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीचे खांब फुकट मिळतात. घाला, पण पोट भरलं असं समजू नका. २० किलो खांबात कोरडा ऐवज दीड किलोही नसतो.

उलटी चूक लग्नसराईत होते. उरलेला भात, पोळ्या, बुंदी एकदम पुढे टाकली की पिष्ट झपाट्याने आंबून लॅक्टिक आम्ल साठतं. रूमेनचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की सेल्युलोज तोडणारे जिवाणू मरू लागतात. रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस, जनावर आडवं. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. खुराक बदलायचाच असेल तर १०-१५ दिवसांत हळूहळू बदला. कुट्टीही फार बारीक नको, इंच-दीड इंच ठेवा. भुगा केला तर रवंथ कमी होतो, आम्ल मारणारी लाळ कमी सुटते आणि फॅट उतरतं.

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा चारा आंबण्याची उष्णताही म्हशीला जड होते. तिची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी थोड्या. कडबा पचताना उष्णता जास्त सुटते, म्हणून तो रात्री आणि पहाटे घालावा, दुपारी थोडा हिरवा चारा. पाणी दिवसभर समोर हवं. दुभती म्हैस या दिवसांत ७० लिटरच्या पुढे सहज पिते, आणि पाणी कमी पडलं तर त्याच दिवशी आधी चारा सोडते, मग दूध तोडते.