एका दिवसाला एवढी सॅक कशाला?

"काकू, संध्याकाळी परतच यायचंय, मग एवढी सॅक कशाला?" पाताळपाणीचा धबधबा असो की जानापावचा डोंगर, इंदूरच्या रामबागेतून गाडी सुटण्याआधी कुणीतरी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते.

3 लिटर पाणी, दशम्या, सेव, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, क्रेप बँडेज, जुना पंचा. यात चैनीचं काय आहे? टॉर्च मोबाइलमध्ये असतो म्हणता. असतो, पण चोरलकडच्या दरीत रेंज शोधून शोधून मोबाइलची बॅटरी दुपारीच उतरते.

ऑक्टोबरातली गोष्ट. धाकटे भाऊजी एक बाटली घेऊन, माझ्या सॅकला हसत आले होते. उतरताना सगळं छान. दुपारी चढ लागला तसे ते गप्प झाले. पाणी पीत होते, माझ्यातलंही दिलं. पण सकाळच्या पोहे-जलेबीनंतर पोटात काही नव्हतं, आणि घामातून गेलेलं मीठ नुसत्या पाण्यानं भरून येत नाही. पिंडऱ्यांत गोळे आले. शर्टावर मिठाचे पांढरे डाग धरले होते. सागाच्या सावलीत बसवलं, पंचा भिजवून मानेवर टाकला, ओआरएसचं पाकीट मोजून 1 लिटर पाण्यात कालवलं (घट्ट केलं तर उलट त्रास होतो) आणि घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं ते उठले, पण अर्ध्या चढावरच अंधार पडला. पायाखालचा मुरूम निसटत होता. मी टॉर्च धरायची, ते माझ्या सॅकचा पट्टा धरून पाऊल टाकायचे. "वहिनी, अजून किती?" असं त्यांनी विचारलं, तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

घरी म्हणाले, पित्त झालं होतं. आजही तेच म्हणतात. मला ते लागतं.

हो, मी घाबरते. पूर्वी मीच झोळी अडकवून जानापाव चढायचे आणि म्हणायचे, पाठ हलकी तर पाय हलके. त्या बोलण्यातही तथ्य होतं: ओल्या काळ्या दगडावर जड सॅक तोल घालवते, ओझ्यानं घामही जास्त येतो. म्हणून थंडीत पाणी थोडं कमी घेते. टॉर्च मात्र काढत नाही. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत त्याआधीच अंधारतं. पावसाळ्यात काय कमी करावं, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण आहे. 2011 च्या जुलैत पाताळपाणीला अचानक लोंढा आला, माणसं वाहून गेली. तिथे कुठलीच सॅक कामाची नाही. प्रवाहात उतरायचंच नाही.

बाकी दिवशी मला विचारण्याआधी तुमच्या बाटलीत किती पाणी आहे, ते सांगा.