वहीतले दोन आकडे

२०२५चा सीझन, शनिवार, रात्री साडेअकरा

नॉर्थ कॅरोलिनातल्या झेब्युलॉनहून बेसबॉलची मॅच बघून आत्ताच घरी आलो. हात-पाय धुतले आणि आधी वही उघडली. सकाळपर्यंत थांबलं तर त्या पोराचा हात नेमका कसा फिरला ते डोळ्यांसमोरून निसटतं.

आज त्याला तिसऱ्यांदा पाहिलं. पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉलर; एकोणीस वर्षांचा, उजव्या हाताचा, काटकुळा. त्याची टीम मडकॅट्स, म्हणजे सिंगल-ए, मोठ्या लीगपासून चार पायऱ्या खाली. २०२६ला टीम विल्सन गावाला हलणार, मग हे जवळचं मैदान सुटेल याची हुरहुर आहेच.

मी स्काउट, म्हणजे टीमसाठी खेळाडू हेरणारा, नाही. पण होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या जागेच्या, मागे बसतो आणि त्यांच्याच पद्धतीने वही भरतो. मोजपट्टी २० ते ८०, त्यात ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. प्रत्येक पिचपुढे, म्हणजे चेंडूच्या प्रत्येक प्रकारापुढे, दोन आकडे लिहायचे: एक आजचा, एक पुढे कुठवर जाईल त्याचा. पहिला डोळ्यांनी दिसतो. दुसरा लिहिताना माझं पेन दर वेळी अडतं. कुणाच्या तरी पोराचं भविष्य आहे ते.

त्याचा फास्टबॉल ताशी ९६ मैल, म्हणजे जवळजवळ १५४ किलोमीटर. तेही साडेसाठ फुटांवरून. आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. पण असा वेग आता खालच्या लीगमध्येही बऱ्याच पोरांकडे असतो. मला बघायचा होता तो चेंज-अप, म्हणजे बेसबॉलमधला स्लोअर वन. मागच्या दोन्ही वेळी तो टाकताना त्याचा हात किंचित मंदावत होता. गल्लीत टेनिस बॉलने खेळलेल्या कुणालाही ठाऊक आहे, स्लोअर वन टाकताना हात मंदावला की बॅट्समन आधीच ओळखतो.

आज तिसऱ्या इनिंगमध्ये डावखुरा बॅटर, दोन बॉल, दोन स्ट्राइक. हात अगदी फास्टबॉलसारखाच सपकन आला. चेंडू ८३चा. बॅट फिरून गेली तेव्हा चेंडू अजून वाटेत होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या स्काउटने रडार गन मांडीवर ठेवली आणि वहीत काहीतरी खरडलं.

पाचव्या इनिंगमध्ये तोच पिच वर राहिला आणि थेट कुंपणाबाहेर गेला. पोराने रोझिनची, म्हणजे पकडीसाठी हाताला लावायच्या पावडरची, पिशवी उचलली, खाली टाकली. पुढच्या बॅटरला पहिलाच चेंडू पुन्हा चेंज-अप, या वेळी गुडघ्याच्या उंचीवर. तिथे मी नकळत उठून उभा राहिलो.

घरी येताना गाडीत मोठ्या लीगमधला पिचर जेकब डिग्रॉम आठवत होता. कॉलेजात शॉर्टस्टॉप, म्हणजे फिल्डर; २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, नवव्या फेरीत २७२वा. त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन. त्या सक्तीच्या विश्रांतीत दुखापतीतून सावरणाऱ्या योहान सँटाना या नावाजलेल्या पिचरकडून चेंज-अप शिकला, आणि २०१८, २०१९ असा लागोपाठ दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. कोपराचं मात्र मनात येतंच. इतक्या कोवळ्या वयात इतका वेग म्हटलं की मला पहिली काळजी त्या कोपराची वाटते.

चेंज-अपपुढे आज ४५ लिहिलं. दुसरा आकडा आधी ५५ लिहिला, मग खोडून ६०.

इथे सुरुवात करणारा पिचर आठवड्यातून एकदाच येतो. पुढच्या आठवड्यात टीम बाहेरगावी, म्हणजे आता पंधरवड्याने. त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघायचं, सराव सुरू व्हायच्या आत पोचायचं. बोटांची पकड जवळून बघायची आहे.