तीन नंबर अजून ऐकत नाही: ब्लूज हार्मोनिकाचे ११ आठवडे

आधी माझी चूक सांगतो, निदान नवीन कुणाचे पैसे वाचतील. दुकानात जाऊन मी ‘माउथ ऑर्गन’ मागितला आणि २४ भोकांचा ट्रेमोलो घेऊन भुसावळला आलो. आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की बहुतेकदा तोच समोर येतो. जवळजवळ एकाच स्वराच्या दोन रीड (आतल्या थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) एकदम वाजतात, त्यामुळे आवाज छान थरथरतो आणि सिनेमाची गाणी झकास वाटतात. पण मला वाजवायचं होतं ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, आणि त्याचा जीव स्वर वाकवण्यात, म्हणजे वाजता स्वर खाली उतरवण्यात. त्यासाठी फुंकायची रीड आणि ओढायची रीड एकाच कप्प्यात लागतात, ट्रेमोलोत त्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मग १० भोकांचा डायटॉनिक (एकाच पट्टीचे स्वर असलेला हार्मोनिका) मागवला, सी पट्टीचा. खरी मोजणी तिथून.

आठवडा १ ते ३

एका वेळी एकच भोक वाजवणं दहा दिवसांत जमलं. २ नंबरचं भोक ओढून, म्हणजे श्वास आत घेऊन, मात्र वाजेना. नुसती फुसफुस, नाहीतर घोगरा, पडलेला सूर. रीड खराब आहे असं ठरवून बदलून मागायची तयारीही केली होती. सुदैवाने आधी ताडून पाहिलं: २ ओढला काय आणि ३ फुंकला काय, स्वर एकच, जी. ३ स्वच्छ वाजत होता, आणि २ ओढून मध्येच एखादा सूर नेमका तसाच निघून जायचा. म्हणजे रीड ठीक, खोट माझ्या तोंडात. नळीने उसाचा रस ओढावा तसा मी ओढत होतो. जबडा सैल सोडला, घसा जांभईसारखा उघडा ठेवला, जोर कमी करून श्वास पोटातून घेतला. पाच दिवसांनी २ नंबर बोलला.

याच्यावर एवढा वेळ घालवला कारण सगळं दुकान तिथेच आहे. सी च्या हार्मोनिकावर ब्लूज सी मध्ये नाही, जी मध्ये वाजवतात. घर, म्हणजे सा, २ ओढ (दुसरं भोक ओढून). पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाजा (हार्मोनिका) पांढरी एकचा आणि सा पांढरी पाचचा. फुंकण्यापेक्षा ओढण्याचं काम जास्त, आणि ओढलेलाच स्वर खालच्या भोकांत वाकतो.

आठवडा ५

आगगाडी. जगभर नवशिक्याला हाच धडा देतात, आणि भुसावळसारख्या जंक्शनमध्ये राहून तो टाळणं बरं दिसलं नसतं. १-२-३ एकत्र, दोनदा ओढा, दोनदा फुंका. श्वास बरोबरीत राहतो, छाती फुगत नाही. मी गच्चीवर जोरात चालू होतो तर नाना वर आले. ते वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले होते, पुढे ड्रायव्हर झाले. थोडं ऐकून म्हणाले, “हे काय वाजवू राह्यला? गाडी अशी नाही सुटत रे.”

मग त्यांनी पाण्याच्या टाकीवर हाताने वाजवून दाखवलं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भुसकारे पडतात. सुटताना चारही सुटे, जड, मध्ये पोकळी. वेग धरला की ते एकमेकांत मिसळतात. मी पहिल्या ठोक्यापासूनच मेल पळवत होतो. आता एक मिनिट नुसतं ‘सुटणं’ करतो. लयीसाठी मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्रापेक्षा हे मला जास्त कामी आलं. शिटी ४-५ एकत्र ओढून, हाताचा कोश हळू उघडत. ती नानांना पसंत नाही. त्यांच्या मते ती डिझेलच्या भोंग्यासारखी वाजते.

आठवडा ६

ट्वेल्व बार, म्हणजे १२ घरांचा (बारचा) ब्लूजचा ठरलेला फेरा. कागदावर सोपं, वाजवताना कितवं घर चाललंय ते विसरतो. उपाय घरातच होता: चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाले १२. आडव्या तीन ओळी धरा. वरच्या पेरांची ओळ जी-जी-जी-जी, मधली सी-सी-जी-जी, खालची डी-सी-जी-डी. आधी अंगठा पेरांवरून फिरवत नुसतं ऐका, मग वाजवा. जी साठी २ ओढ, सी साठी ४ फुंक, डी साठी ४ ओढ, एवढ्यावरही फेरा पुरा होतो. प्रत्येक घरात चार ठोके, पण ठोक्याच्या पोटात तीन मोजायचे, नाहीतर झोका येत नाही आणि कवायत वाटते.

आठवडा ७

शेवभाजी खाऊन तसाच वाजवायला बसलो. ४ ची फुंक बंद. भोकं खाली करून तळहातावर आपटलं, मग झाकण काढून टूथपिकने रीड अलगद हलवली, तेव्हा शेवेचा कण निघाला. आता चूळ भरल्याशिवाय हात लावत नाही.

आठवडा ८ ते ११

४ ओढ वाकला! जोराने नाही, जिभेने. आत श्वास घेत शिटी वाजवा आणि तिचा सूर खाली उतरवा, तोंडात ‘ई’ वरून ‘ऊ’ कडे जाताना जीभ जशी मागे सरते, तसं. कुठे किती वाकणार हे भोकातल्या दोन स्वरांवर असतं. ४ मध्ये ओढून डी, फुंकून सी, मध्ये एकच जागा. २ मध्ये दोन जागा, ३ मध्ये तीन. ५ मध्ये ई आणि एफ शेजारी शेजारी, तिथे एका जागेचीही पूर्ण पायरी नाही.

खरं भांडण ३ शी. ब्लूजची सरगम अशी: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि. त्यातला कोमल ग म्हणजे ३ ओढ, फक्त एक पायरी वाकवून. माझा तीन पायऱ्या घसरून तळाशी जातो, नाहीतर जागचा हलत नाही. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांकडे सूर जुळवायला गेलो. दोन मध्यम लागोपाठ ऐकून त्यांनी भुवया चढवल्या. मग त्यांनी काळी पाच (तोच कोमल ग) दाबून धरली, मी चाचपडत तिच्या जरा वर येऊन थांबलो.
“आणखी खाली ये,” काका म्हणाले.
म्हटलं, “ब्लूज गाणारे पुष्कळदा इथेच थांबतात, कोमल आणि शुद्धच्या मध्ये.”
काकांनी तो गाऊन पाहिला, पेटीवर बोट ठेवलं, उचललं. “ही जागा पेटीत नाही बुवा,” म्हणाले, आणि बाजा हातात घेऊन भोकं मोजू लागले.

आजचा हिशेब: ४ ओढ दहातून सात वेळा वाकतो, २ नंबर दोनदा, ३ नंबर चुकून. भाचा गिटार ई मध्ये लावून बसतो, त्याच्याशी माझा सी जुळत नाही. ए चा हार्मोनिका मागवलाय, तो क्रॉसमध्ये (सी वर जी वाजवतात तसं) ई देतो. तोवर रोज संध्याकाळी गच्ची तापायची थांबली की २० मिनिटं गाडी, २० मिनिटं ३ नंबर. काल नाना खालूनच ओरडले, “पॅसेंजर झाली, आता मालगाडी काढ. भरलेली.”