192 मतं म्हणजे चार यष्ट्या

माझं आजोळ सांगोला तालुक्यातलं. त्यामुळे लहानपणी मला आमदार ही निवडून यायची पोस्ट असते हेच माहीत नव्हतं, मला वाटायचं आमदार म्हणजे आबासाहेब, जसं तलाठी म्हणजे तलाठी. गणपतराव देशमुख हे पूर्ण नाव मी बहुतेक शाळेत गेल्यावर भिंतीवर वाचलं असेल. मामाच्या घरी कुणीच ते नाव घ्यायचं नाही, सगळे आबासाहेबच म्हणायचे, विरोधात मत देणारे सुद्धा.

त्यांच्याबद्दल काहीही वाचा, सुरुवात 11 या आकड्याने होते. 11 वेळा आमदार, एकच मतदारसंघ, एकच पक्ष, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप. खरंच आहे ते. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि 2014 ला शेवटचे निवडून आले तेव्हा फडणवीस झाले, मधे किती जण आले नि गेले ते तुम्हीच मोजा. 2021 च्या जुलैत ते गेले तेव्हा सगळ्या चॅनलवर 'देशातला विक्रम' असं चाललेलं, ते मात्र जरा चुकीचं आहे बरं का. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून 13 वेळा निवडून आलेत आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून 12 वेळा. महाराष्ट्राचा विक्रम म्हणा, तेवढं पुरेसं आहे, उगाच फुगवायची काय गरज.

पण मला त्या 11 पेक्षा मधल्या दोन पराभवांची गंमत जास्त वाटते. 1972 आणि 1995.

1972 ला इंदिराबाईंची लाट होती, बांगलादेशचं युद्ध नुकतंच जिंकलेलं, भलेभले आडवे झाले तिथे शेकापचं काय. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे निवडून आले. पुढे त्यांचं निधन झालं आणि 1974 ला पोटनिवडणूक लागली, त्यात आबासाहेब परत आले. म्हणजे त्या 11 मधला एक विजय पोटनिवडणुकीतला आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. मधली दोन वर्षं म्हणजे तो भयानक दुष्काळ. आमची आज्जी सांगायची की त्या काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची आणि सुकडी (दुष्काळात वाटायचे ते खाणं) मिळायची. आमदार असो नसो, माणूस कामावर येऊन बसायचा म्हणे. आता यात किती खरं नि किती आज्जीचं प्रेम, माहीत नाही.

1995 मात्र मला स्वतःला आठवतं. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, तेव्हा तरुण, बोलायला एकदम फर्डे. तेव्हा मशीन नव्हती, कागदाच्या मतपत्रिका, मोजणी लांबत लांबत गेली आणि आबासाहेब 192 मतांनी पडले. एकशे ब्याण्णव! आमचे दोन मामा, थोरला लाल बावट्याचा म्हणजे शेकापचा आणि धाकटा बापूंचा, एकाच चुलीवर जेवणारे. धाकट्याने गुलाल उधळला आणि थोरला तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही. त्यातून मतदानाच्या दिवशी घरातली सहा माणसं बार्शीला लग्नाला गेलेली, थोरल्याच्या बाजूची सहा. ते लग्न पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात निघत राहिलं. "सा मतं तिथं जेवत बसली" असं थोरला मामा म्हणायचा आणि मग मामी भांडी आपटायची.

यष्टीत, म्हणजे एस.टी.त, साधारण 48 सीट धरल्या तर 192 म्हणजे चार यष्ट्या. हा हिशोब पण थोरल्या मामाचाच, आणि तो उगाच यष्टीत मोजायचा नाही. आबासाहेब यष्टीनेच फिरायचे. प्रत्येक गाडीत एका सीटवर 'विधानसभा सदस्य' असं रंगवलेलं असतं ना, बाकी महाराष्ट्रात त्या सीटवर कोण बसतं ते आपण बघतोच, सांगोल्याच्या गाडीत मात्र खरोखर त्या सीटवरचा माणूस येऊन बसायचा आणि शेजारचा त्यांना सातबाऱ्याची भानगड सांगत बसायचा. त्यामुळे चार यष्ट्या भरून माणसं आपल्याला नको म्हणाली, हे त्यांना आकड्यापेक्षा जास्त नीट समजलं असणार असं मला उगाच वाटतं.

आता पडल्यावर माणूस काय करतो? आपल्याकडे बहुतेक जण पक्ष बदलतात. 1995 ला युतीचं सरकार आलं होतं, शेकापची हवा राज्यात केव्हाच गेलेली, रायगड आणि इकडेतिकडे चार जागा. तिकडे जायला वाट मोकळी होती. हे गेले नाहीत. 1999 ला त्याच झेंड्यावर परत उभे राहिले, निवडून आले आणि विलासरावांच्या मंत्रिमंडळात मंत्री पण झाले. त्याआधी 1978 ला पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारमध्ये झाले होते. इतक्या वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद एवढंच, कारण उरलेला बहुतेक वेळ हा माणूस विरोधी बाकावर.

मग विरोधात बसून केलं काय, असा प्रश्न धाकटा मामा नेहमी टाकायचा आणि तो काही चुकीचा नव्हता. तालुका कायम दुष्काळी, माणगंगा वर्षातून चार दिवस वाहणार. एक म्हणजे सूतगिरणी. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली, आसपास एवढ्या सहकारी गिरण्या बंद पडल्या तरी. दुसरं पाणी. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायची, तिथे हे दरवर्षी. टेंभू, म्हैसाळ या सिंचन योजनांचं पाणी यायला इतका उशीर झाला की ते मागणारी एक अख्खी पिढी गेली. आबासाहेबांचं यश म्हणून हे सांगताना मी नेहमी अडखळतो, कारण 50 वर्षं आमदार असून पाणी एवढ्या उशिरा का, हे पण विचारायला पाहिजेच ना. विरोधी पक्षाच्या आमदाराच्या तालुक्यात योजना रेंगाळतात हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मला सापडलेलं नाही. पाणी यायच्या आधीच लोकांनी शेततळी नि ठिबकवर डाळिंबं उभी केली होती हेही आहेच. आणि धनगर समाजाची मतं पाठीशी होती म्हणून ते निवडून येत राहिले असंही लोक म्हणतात. असेल, पण मग 192 ने पडले कसे?

बापूंचं पण सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. 1995 नंतर ते परत परत उभे राहिले आणि परत परत पडले. 2014 ला शिवसेनेकडून, तरी पडले, समोर नव्वदीला टेकलेले आबासाहेब! 2019 ला आबासाहेबांनी वयामुळे थांबायचं ठरवलं, पक्षाने आधी दुसरंच नाव जाहीर केलं, कार्यकर्त्यांनी गोंधळ घातला आणि मग नातू डॉ. अनिकेत उभे राहिले. (घराणेशाही? हो, झालीच की. आयुष्यभर पोराबाळांना लांब ठेवून शेवटी कार्यकर्त्यांनीच ती आणली.) निकाल लागला, बापू 768 मतांनी निवडून आले. थोरल्या मामाचा मला फोन, "किती झाल्या रं?" मी म्हटलं सोळा. 768 भागिले 192, बरोबर चार, बाकी शून्य. मी दोनदा करून बघितलं.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. 2022 चा जून, शिंदेंचं बंड, गुवाहाटीतून बापूंचा फोन, काय झाडी काय डोंगार काय हाटील. आमच्या पुण्याच्या ऑफिसात लोक मला तुमच्याकडचे आमदार काय भारी बोलतात म्हणायला लागले आणि मला कळेना की हसू का रडू. पन्नास वर्षं सांगोला म्हटलं की यष्टीतला आमदार, आणि आता हाटील. पण भाषा मात्र शंभर टक्के आमच्याकडची, त्याबद्दल बापूंना मानलं.

2024 ला तिरंगी झालं. आघाडीत असून शेकापला जागा सुटली नाही, ठाकरेंच्या सेनेने दीपकआबा साळुंख्यांना दिली, तिकडे शिंदेंच्या सेनेकडून बापू आणि शेकापकडून दुसरे नातू डॉ. बाबासाहेब. मला वाटलं मतं फुटणार आणि परत यष्ट्या मोजायची वेळ येणार. कसलं काय, बाबासाहेब 25 हजारांच्या वर मतांनी आले.

संध्याकाळी मी फोन लावला. थोरल्या मामाला आता ऐकायला कमी येतं, त्याला मी ओरडून आकडा सांगितला, तर तो म्हणाला, "मग मोजायचं काम न्हाई." मागून धाकट्याने फोन ओढून घेतला. त्याचा आवाज पडलेला नव्हता अजिबात.

"बापू परत हुबं ऱ्हात्यात बघ तू."