कोहिमाला जाल तर जोत्सोमाही बघा

नागालँडमधल्या कोहिमाच्या युद्ध दफनभूमीत टेनिस कोर्टाच्या रेषा पांढऱ्या सिमेंटने आखून जपल्या आहेत. त्या रेषेला धरून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. बत्तीस पावलं भरली. एप्रिल १९४४ मध्ये एका टोकाला जपानी, दुसऱ्या टोकाला इंग्रज आणि भारतीय सैनिक खंदकात, आणि मध्ये एवढंच अंतर. हातबाँब सहज पोचायचे. कोर्ट होतं डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांच्या बंगल्याचं. बंगल्याचं काही उरलं नाही.

मी गेले ती १६१ क्रमांकाच्या ब्रिगेडसाठी, म्हणजे तीन-चार पलटणींच्या एका सैन्यतुकडीसाठी. पहिल्या महायुद्धात ही इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्याची ब्रिगेड होती; नोकरीधंदा सांभाळून कवायतीला येणाऱ्या माणसांची. ऑगस्ट १९१५ मध्ये ती तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या सुवला किनाऱ्यावर उतरली. मार्च १९१७ मध्ये गाझाच्या पहिल्या लढाईत तिने अली मुंतार या टेकडीशेजारची ग्रीन हिल ही टेकडी घेतली, आणि त्याच रात्री वरून माघारीचा हुकूम आला. जिंकलेली जागा सोडावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे जायचा प्रयत्न झाला, पण तुर्कांनी उलट हल्ला करून जागा परत घेतली.

दुसऱ्या युद्धात ब्रिगेड आधी पश्चिम आफ्रिकेत, मग मध्यपूर्वेत गेली. १९४१ मध्ये तिचं नाव १६१वी भारतीय ब्रिगेड झालं. एसेक्सच्या पलटणी पुढे एकेक करून दुसरीकडे गेल्या. कोहिमाला आली तेव्हा तिच्यात चौथी रॉयल वेस्ट केंट, पहिल्या पंजाब रेजिमेंटची पहिली आणि सातव्या राजपूत रेजिमेंटची चौथी पलटण होती. ब्रिगेडियर वॉरन प्रमुख.

गाझाचं दुखणं इथे पुन्हा उपटलं. मार्चअखेर ब्रिगेड कोहिमाला पोचली होती. पण दिमापूरचा रसदसाठा जपान्यांच्या हाती पडेल या धास्तीने तिला मागे बोलावलं. नागा लोकांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल, हे पॉसी यांचं म्हणणं कोणी ऐकलं नाही. जपान्यांची ३१वी डिव्हिजन थेट कोहिमावरच आल्यावर ब्रिगेडला घाईने परत पाठवलं. ५ एप्रिलला कोहिमाच्या टेकडीवर शिरता आलं ते मुख्यतः वेस्ट केंटच्या साडेचारशेच्या आसपास जवानांना. बाकीची ब्रिगेड जवळच्या जोत्सोमा गावाला थांबली. हे चार-पाच दिवस वाया गेले नसते तर पूर्ण ब्रिगेड टेकडीवर असती, आणि मला आजही त्या हुकमाचा राग येतो.

टेकडीवर सुमारे अडीच हजार माणसं होती, त्यांतली हजारभर लढणारी नव्हती. पाण्याची वाट तुटल्यावर माणशी दिवसाला जेमतेम पाव लिटर पाणी. जखमी उघड्या चरांत पडून पुन्हा जखमी होत होते. तरी टेकडी टिकली, कारण जोत्सोमाहून भारतीय डोंगरी तोफा अचूक मारा करत होत्या. हवेतलं अंतर तीन-साडेतीन किलोमीटर. १८ एप्रिलला पंजाबींची पलटण रणगाड्यांसह आत पोचली.

म्हणूनच सांगते, नुसती दफनभूमी पाहून परतू नका. टॅक्सी करून जोत्सोमाला जा. तिथे आता सायन्स कॉलेज आहे. गावातल्या लोकांशी विचारपूस करून, परवानगी घेऊन फिरा. तोफा कुठल्या बाजूला तोंड करून असतील हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

दफनभूमीत १,४२० कबरी आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेला वेस्ट केंटचा लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन इथेच आहे. बहुतेक लोक खालीच फोटो काढून परततात. तुम्ही अगदी वरपर्यंत चढा; तिथे दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर सकाळी उन्हाआधी सावकाश चढा. आत जायला पैसे नाहीत.

इनर लाइन परमिट, म्हणजे नागालँडमध्ये शिरायचा परवाना, आधीच ऑनलाइन काढा आणि दोन छापील प्रती ठेवा. दिमापूरलाही ते लागतं. दिमापूरला विमान आहे, गुवाहाटीहून रेल्वेही आहे. पुढे कोहिमापर्यंत सुमारे सत्तर किलोमीटर, शेअर सुमो मिळते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा नकोच. आणि रविवारी पोचू नका. मी पोचले आणि दुपारी साडेतीनपर्यंत उपाशी होते. दुकानं, खानावळी सगळं बंद, माणसं चर्चमध्ये. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, त्यामुळे दिवस पहाटेच सुरू करा. १ ते १० डिसेंबर कोहिमाजवळच्या किसामाला नागा जमातींचा हॉर्नबिल उत्सव असतो, तेव्हा खोल्या महिनोन्महिने आधी भरतात. किसामाच्या युद्ध संग्रहालयाला मात्र दोन तास द्या.

शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, भात-डाळ-भाजी मिळते. जहाल राजा मिरचीची चटणी बोटाच्या टोकावर घेऊनच चाखा.

मराठी माणसाला आणखी एक जागा ओढून नेते: मणिपूरमधलं सांगशाक. कोहिमाच्या आधी, २२ ते २६ मार्चला, पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर तिथे जपान्यांना अडवून होती. कोहिमाला मिळालेला वेळ त्यांनी मिळवून दिला. तिकडची परिस्थिती निवळेपर्यंत मी थांबले आहे. जाण्याआधी स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करूनच बेत ठरवा.