कन्हारातली बावडी : दुरुस्तीचा माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावची पायविहीर, म्हणजे गावच्या बोलीत बावडी, काळ्या दगडाची आहे. वरचे तीनेक फूट आणि पायऱ्यांवरची कमान विटांची. गावच्या इतिहास मंडळाने तिची दुरुस्ती हाती घेतली तेव्हा कागद आणि साहित्य ही दोन कामं माझ्याकडे आली. बावडी, गढी किंवा देऊळ सावरायला निघालेल्यांना कामी येईल तेवढंच लिहितो.

सगळ्यात आधी वास्तू संरक्षित आहे का ते पाहावं. केंद्र संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. दोघांचीही कार्यालयं नागपुरात आहेत. यादीत नाव असेल तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही. वास्तू यादीत नसली तरी जवळपास केंद्र संरक्षित स्मारक आहे का ते बघा. त्याच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे साध्या दुरुस्तीलाही परवानगी लागते.

मग मालकी. सातबारावर बावडीचा वेगळा उल्लेख नव्हता. शेजारच्या वावराच्या गटात ती पोटखराब (ब), म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत गेली होती. रस्ते, सार्वजनिक वापराचे पाणवठे याच वर्गात येतात, म्हणजे धागा हाती लागला. पण खरा भक्कम पुरावा निघाला निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जमधून. पूर्वी मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) असलेल्या आपल्या जिल्ह्यांत ही कागदपत्रं जरूर शोधा. गावाने कुठलं पाणी कशासाठी वापरायचं, वाट कुठून, हे त्यात सापडतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 161 आणि 165 मध्ये त्यांना आधार आहे. त्यानंतर भूमी अभिलेखकडून मोजणी. मोजणीत नुसतं बांधकाम धरू नका, भोवतीची पट्टीही हद्दीत दाखवून घ्या. पाणी काढायला तीच जागा लागते आणि धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, भांडण तिथेच होतं.

ग्रामसभेचा ठराव मोघम नको. गट क्रमांक, चतुःसीमा, काय करणार, काय करणार नाही आणि मालकी ग्रामपंचायतीचीच राहील, एवढं त्यात स्पष्ट हवं. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जो आकडा कमी तो लागतो.

आता बावडी. भिंतीला पोट आलं की सगळे दरजांकडे, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांकडे, बोट दाखवतात. दोष बहुतेक वेळा मागच्या मातीत असतो. काळी कन्हार माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्या भेगांतून पुढच्या पावसाचं पाणी सरळ भिंतीमागे उतरतं. आतला भरावाचा चुना धुपून जातो, माती फुगते आणि दगड पुढे ढकलले जातात. समोरून दरजांत कितीही चुन्याचा माल भरला तरी हा रेटा थांबत नाही. म्हणून पहिलं काम बाहेरून केलं: भिंतीपासून चार फूट सोडून दोन फूट खोल चर, शंभर फुटाला एक फूट ढाळ, आत गिट्टी, वर मुरूम, आणि तोंड नाल्याकडे. चर भर उन्हाळ्यात, माती कोरडी असताना आणि तुकड्यातुकड्याने खणायचा. ओल्या मातीत एकदम लांब खणला तर पोट आलेली भिंत तशीच खाली बसते.

भेग जिवंत आहे की जुनी, हे कळायला तिच्यावर पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना चुन्याने चिकटवतात. तारीख लिहून पावसाळाभर ठेवायची. काच तडकली तर भिंत अजून सरकते आहे. तिथे दरजा भरणं वाया.

गाळ चैत्र-वैशाखात काढतात. इथे हमखास होणारा घोळ म्हणजे रात्रभर मोटर लावून बावडी कोरडी करणं. आतलं पाणी भिंतीला पुढून टेकू देत असतं. ते एकदम उतरलं आणि मागची माती ओलीच राहिली की भिंत आत कोसळते. आम्ही दिवसाला दीड-दोन फुटांच्या वर पाणी उतरवलं नाही, आणि दरजांतून पाझर चालू असेपर्यंत थांबलो. कुजक्या गाळाजवळ माणूस उतरवण्याआधी कंदील सोडून पाहतात, पण त्याने फक्त प्राणवायू कमी आहे का एवढंच कळतं, विषारी वायू कळत नाही. हवा फेकणारा पंखा आणि कमरेला दोर हवाच. गाळ टोपल्या-टोपल्याने वर पसरून तपासा. शिलालेखाचा तुकडा, मूर्ती, नाणी निघू शकतात. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची जमिनीतली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं; दहा रुपयांत आज काय बसतं ते तुम्हीच बघा.

भिंतीत उगवलेला पिंपळ हा वेगळा विषय. ओढून काढला तर मुळाबरोबर दगड येतात, वरवर छाटला तर अधिक जोमाने फुटतो. तणनाशक आम्ही वापरलं नाही, कारण खाली पाणी. मुळाभोवतीचे थर उतरवले, प्रत्येक दगडाला क्रमांकाचा पत्रा तारेने बांधला (खडू पुसतो, ऑइलपेंट कायमचा राहतो), फोटो काढले, मूळ शेवटापर्यंत कोरलं आणि दगड त्याच जागी बसवले. पिंपळ तोडायला हात धजत नसतील, तर आधी दुसरीकडे रोप लावून घ्या. विरोध बराच निवळतो.

चुना. वणीजवळच्या राजूर भागात चुनाभट्ट्या आहेत. कळीचा (न विरवलेला) चुना ढेकळांतच घ्या. हवेत पडून पीठ झालेला बांधकामाला निकामी. ढेकळं पाण्यात सोडायची, ढेकळांवर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा. विरलेला चुना गाळून पाण्याखाली ठेवायचा, किमान तीन आठवडे. आम्ही पावसाळाभर ठेवला; लोण्यासारखा झाला. सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, मऊ भाजलेल्या विटेची हवी. खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटेची भुकटी चुन्याशी जुळत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते.

प्रमाण चुना 1, सुरखी 1, वाळू 2. एक ब्रास (100 घनफूट) दगडकामाला साधारण 33 घनफूट माल लागतो. त्यासाठी 11 घनफूट चुना, 11 सुरखी आणि 21-22 वाळू धरा; कोरड्या मापांची बेरीज जास्त दिसते, पण कालवल्यावर माल आटतो. वाळू बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर धुऊन घ्या.

दरजा रुंदीच्या दुप्पट खोल कोरायच्या, पाण्याने धुवायच्या आणि ओल्या असतानाच माल दाबायचा. काम कार्तिक ते माघ या दिवसांत. विदर्भाच्या उन्हाळ्यात चुना घट्ट व्हायच्या आधीच सुकतो आणि बोटाने पावडर निघते. ओली गोणपाटं दहा दिवस तरी हवीत.

सगळ्यात खालचे थर मात्र भरू नका. बारकाईने पाहिलं तर तिथे दगडांमध्ये मालच नसतो; घडाई इतकी नेटकी की पातळ पातंही जाणार नाही, तरी त्या फटींतून झरे येतात. मिस्त्रींना ते उघडं दिसतं आणि हात शिवशिवतात. सिमेंट तिथे भरलं की झरे बंद आणि मागचा दाब वाढलेला.

सिमेंटने काळा दगड सहसा फुटत नाही, हे खरं. पण पाणी भिंतीमागे अडतं, आणि विटांच्या कमानीत सिमेंटच्या दरजा टणक राहून विटेचंच तोंड झडतं. सरकारी अंदाजपत्रकात बाब सिमेंटचीच येते, कारण दरसूचीतून तीच सहज उचलली जाते. निधी मागण्याआधी चुना, सुरखी आणि मजुरीचं दर-विश्लेषण वेगळं करून जोडा. ते नसलं की कंत्राटदार सिमेंट घेऊनच उभा राहतो.

देखभालीचं काम थोडंच आहे, पण ठरलेल्या वेळी व्हायला हवं. मृगाच्या आधी चर मोकळा करायचा, आणि दसऱ्याच्या सुमारास भिंतीवर उगवलेले पिंपळाचे कोंब बोटभर असतानाच उपटायचे.